बायनाबाईनं मोटार निजून पाहिली

पाच शेर ज्वारी मोजून बायनाबाईनं ती धोतराच्या एका जुन्या तुकड्यात बांधली, गाठोडं पोटावर धरलं आणि वरून लुगड्याचा पदर करकचून आवळला. मग ती मन्मथप्पांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या मोटारीकडं निघाली. एक हात कमरेवर, पाय जरा फाकून, अगदी दिवस भरत आलेल्या बाईसारखी.

तेलगावाला हसायला एवढं पुरेसं होतं.

"बायनाबाई, कितवा गं हा?" दुकानाच्या ओट्यावरून रामकिसन ओरडला.

"तुझ्या बापाला इचार. त्याच्याच कणगीतली जवारी हाय."

ओटा खदखदला. बायनाबाई हसली नाही. न्हाव्याची ही विधवा आता पन्नाशी ओलांडत होती आणि तीस वर्षं गावात सुईणपण करत होती. ओट्यावर हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना पहिलं रडू तिनंच फोडायला लावलं होतं, रामकिसनलासुद्धा. त्यामुळं तिला कुणाचं भय नव्हतं. आज मात्र तिची नजर ओट्यावर नव्हती, मोटारीवर होती.

मोटार होती मोठी देखणी. मोरपंखी रंगाची, काळ्या टपाची, पुढं दोन गोल चकचकीत दिवे. एवढीशी, की गोठ्यात दोन बैलांच्या मध्ये मावली असती. ती विकायला जालन्याहून आलेले एजंट सुंदरराव सकाळपासून तिच्यावरून रुमाल फिरवत होते. मन्मथप्पांचा मुलगा अण्णाराव तिच्याभोवती नव्या नवरीभोवती फिरावं तसा फिरत होता. मन्मथप्पा स्वतः तिच्यातून महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन आले होते, पाटील जाऊन आले होते, शाळेचे मास्तर जाऊन आले होते. जो येई तो म्हणे, लोण्यावरून गेल्यासारखं वाटतं. दुकानात नारळ आणून ठेवला होता. तो फुटला की सौदा झाला.

सुंदररावांनी दार उघडून धरलं. "या बाई, बसा. तुम्हालाही एक चक्कर मारून आणतो."

"बसायचं न्हाई," बायनाबाई म्हणाली. "मला निजायचंय. आन्‌ देवळापर्यंत न्हाई, धारूरच्या घाटात."

ओट्यावर पुन्हा हशा पिकला. पण या वेळी मन्मथप्पा हसले नाहीत. अण्णारावानंही मान खाली घातली. मोटार कुणासाठी येत होती हे त्या दोघांना ठाऊक होतं, सकाळपासून फक्त विसरायला झालं होतं.

मोटार येत होती शिवगंगेसाठी. शिवगंगा म्हणजे अण्णारावाची बायको. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. त्याला दीड वर्ष होत आलं. भादवा होता. मूल आडवं आलं, आधी हात बाहेर आला. बायनाबाईला तो हात दिसला आणि तिनं तेव्हाच सांगितलं, हे माझ्या आवाक्यातलं नाही, मोमिनाबादेच्या डॉक्टरीणबाईकडं न्या. मोमिनाबाद पंधरा-सोळा कोस, मध्ये धारूरचा घाट. बैलांची दमणी जुंपली. घाटाच्या पायथ्याशी चिखलात चाक रुतलं. त्याच वेळी कुणा साहेबाची भली मोठी मोटार शेजारून गुरगुरत वर चढून गेली. दमणीच्या पडद्याआड काय चाललंय हे मोटारीतल्या माणसाला कळायचं कारण नव्हतं. पायथ्याच्या पळसाखाली बायनाबाईला जे करावं लागलं ते तिनं आपल्या हातांनी केलं. बाई वाचली. मूल नाही.

त्यानंतर कित्येक दिवस बायनाबाईला डोळे मिटले की ती मोटारच दिसायची. चिखलातून, चढावरून, न थांबता वर गेलेली.

शिवगंगेला पुन्हा दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यातच बायनाबाईनं मन्मथप्पांना गाठलं होतं. "अप्पा, यंदा मी हात लावनार न्हाई. कळा सुरू झाल्या की चार घंट्यात पोरगी मोमिनाबादेत पायजे. मोटार घ्या."

"बायनाबाई, मोटार म्हंजे काय कोंबडी हाय का बाजारातून आनायला?"

"सरकीचे ढीग मोटारीएवढे लागतात तुमच्या अंगनात. कावून न्हाई आनायची?"

ती मोटार आता दारात होती. आणि परवा अमावास्येला शिवगंगेला आठवा लागला होता. काल बायनाबाईनं तिचं पोट चाचपलं तेव्हा ते उंच नव्हतं, आडवं पसरलेलं होतं. डाव्या कुशीत गोल, टणक डोकं लागलं. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मोटार बघू, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. मोटार घाट चढली, तर सांगायची गरजच पडणार नव्हती.

आत शिरायलाच पहिली अडचण आली. दारं दोनच, तीही पुढच्या बाजूला. मागं जायचं तर पुढची गादी वाकवून, अंग चोरून, गुडघ्यावर रांगत जावं लागे. गाठोडं दाराच्या कडेत अडकलं.

"जरा तिरकं व्हा बाई," सुंदरराव म्हणाले.

"कळा देनारी बाई तिरकी होत न्हाई, साहेब."

कशीबशी ती आत गेली आणि मागच्या गादीवर आडवी झाली. पाय पसरायला जागा नव्हती. गुडघे हनुवटीला लागले. वर काळा टप, त्याची शिवण, आणि पुढं अण्णारावाची मान. मोटार सुरू झाली.

सपाटीला ती खरंच सुरेख चालली. कापसाची शेतं, मग हुरड्याला आलेली ज्वारी, खिडकीतून पिवळी-हिरवी पळत राहिली. वारा आत येत होता. बायनाबाईनं हात गाठोड्यावर ठेवला होता. तिथं हलकीशी थरथर होती, बस. दमणीत आतडी तोंडाशी येतात, इथं तसं काही नाही. चार कोस रस्ता एवढ्यात सरला, की तिला पाय आखडल्याचंही विसरायला झालं. अंगावरून मोरपीस फिरावं तसं काहीतरी तिच्या मनावरून फिरलं. होतंय, तिला वाटलं. होतंय की! पाय काय, पोटाशी घेऊन निजेल पोरगी. मी खाली बसंन. होतंय.

"कसं वाटतंय मावशी?" अण्णारावानं मागं वळून विचारलं. त्याचा चेहरा फुलून आला होता.

"पळस गेला का?" तिनं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "आता येईल."

पळस गेला. घाट सुरू झाला.

पहिल्या वळणाला मोटारीचा आवाज बदलला. दुसऱ्या वळणाला तो भरून आलेल्या छातीसारखा घरघरला. सुंदररावांनी दांडा ओढला, पुन्हा ओढला. मोटार चालत होती, पण माणूस चालतो तशी. शेळ्या हाकणारी एक म्हातारी बाजूनं पुढं निघून गेली आणि तिनं वळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या वळणाआधी मोटार थांबली आणि हळूच मागं सरकली. सुंदररावांनी ब्रेक दाबला. "अण्णाराव, जरा उतरता का? ओझं जास्त होतंय."

अण्णाराव उतरला. मोटार दहा पावलं गेली आणि पुन्हा थांबली.

"बाई, तुम्हीही उतरा."

"मी कशी उतरू?"

"दोन मिनिटं फक्त. वळण पार झालं की बसा."

"साहेब," बायनाबाई पडल्या पडल्या म्हणाली, "आतल्या बाईचे पाय ओले झालेत. पोराचा हात बाहेर आलाय. तिला मी कशी उतरवू? तुमीच सांगा."

सुंदररावांच्या मानेवर घाम आला होता, माघाची थंडी असून. "एक उपाय आहे," ते म्हणाले. "उलटी चढवतो. उलट्या गिअरला जोर जास्त असतो."

त्यांनी अरुंद रस्त्यात मोटार वळवली. वळवताना मागचं चाक दरीच्या कडेला गेलं आणि दोन दगड खाली गडगडत गेले. ते तळाला पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. मग मोटार पाठमोरी घाट चढू लागली. रस्ता आता बायनाबाईच्या पुढ्यात नव्हता, पाठीमागं होता, आणि तो तिला दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त काचेतून खाली खाली जाणारं खोरं. प्रत्येक खड्ड्याला अंग गादीवरून पुढं घसरत होतं. तिनं पाय पुढच्या गादीला टेकवले. टेकवले की पोट आवळायचं. सोडले की घसरायचं.

तिनं डोळे मिटले आणि आपल्या जागी शिवगंगेला ठेवलं. बावीस वर्षांची, नाजूक मनगटांची, तोंडात पदराचा बोळा धरलेली. अजून एक वळण. अजून एक. असं म्हणत ती श्वास मोजत होती.

मोटारीनं गचका खाल्ला. गाठोडं पोटावरून उसळून छातीवर आलं, तिथून दाराच्या कडेवर आदळलं आणि त्याची गाठ सुटली.

ज्वारी सरसर सांडली. गादीवर, पायांत, तिच्या मानेखाली. मोटारीच्या तोंडातून पांढरी वाफ उसळली आणि सगळं थांबलं. "धोंडा लाव, धोंडा!" सुंदरराव ओरडले. अण्णारावानं धावत येऊन चाकाखाली दगड सारला आणि तिथंच दगडाला धरून बसून राहिला.

वाफेचा फसफस आवाज तेवढा येत होता. बायनाबाईनं पोटावर हात ठेवला. तिथं आता नुसतं रिकामं धोतर होतं.

"गाडी नवीन आहे," सुंदरराव म्हणाले. "इंजिन अजून मोकळं व्हायचंय. थोडं पाणी घातलं की..." मग त्यांनी टोपी काढली आणि ओल्या कपाळावरून हात फिरवला. बोलताना त्यांचा एजंटाचा आवाज गेला होता. "खरं सांगू, बाई? ही शहरातली गाडी आहे. कचेरीत जावं, बागेत जावं. मला कुणी सांगितलंच नाही कशासाठी पाहिजे ते."

"आमी पन इचारलं न्हाई," बायनाबाई म्हणाली, "निजता येतं का म्हनून. सगळे बसूनच बगत व्हते."

तिनं पुढची गादी वाकवून दार उघडलं. तिच्याबरोबर ज्वारीची एक धार तिसऱ्या वळणावर रस्त्याभर पसरली.

मोटार गावात आली तेव्हा ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. मन्मथप्पांच्या हातात नारळ होता. अण्णारावाचं तोंड पाहून त्यांनी तो मागं ठेवला.

बायनाबाई सरळ माजघरात गेली. शिवगंगा भिंतीला टेकून वाती वळत होती, शेजारी तिची सासू शांतादेवी. मन्मथप्पा आणि अण्णाराव मागोमाग येऊन उंबऱ्यात थांबले. बायनाबाईनं आता सगळं सांगितलं: डावी कूस, टणक डोकं, आडवं पोट. शिवगंगेच्या हातातली वात अर्धी वळून तशीच राहिली.

"मग आता?" मन्मथप्पांनी विचारलं.

"कळांची वाट बघायची न्हाई. उद्याच न्यायचं. बाळंत होईस्तोवर तितंच ठेवायचं. डॉक्टरीणबाईच्या हाकेवर."

"उद्या?" शांतादेवींचा आवाज चढला. "आठवा लागलाय तिला."

"व्हय आक्का."

"आठव्यात शीव ओलांडू नये. वढा ओलांडू नये. कुनी शिकवलं हे समद्या गावाला?" शांतादेवी उठून उभ्या राहिल्या. "माझा बाप गेला तवा हा अण्णा पोटात व्हता. आठवा व्हता. तूच वेशीत आडवी पडलीस. बापाचं तोंड न्हाई पाहू दिलंस मला. आन्‌ आता?"

बायनाबाईनं मान वर केली नाही. हे कधीतरी येणार हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. आठव्यातलं मूल जगत नाही, म्हणून आठव्यात हादरा नको. एवढंच तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, आणि त्यावर तिनं गावातल्या कितीतरी लेकी-सुनांना घरात डांबून ठेवलं होतं.

"तवा मला तेवढंच ठाऊक व्हतं, आक्का," ती म्हणाली. "आज बी लई ठाऊक हाय असं न्हाई. हादरा बसला तर वाटंतच सुरू होईल. माझं भ्या खोटं न्हाई. पन हितं ठिवली तर काय होतं ते मी ह्या हातांनी पाहिलंय. माझं मीच मोडते. चुकलं तर माझ्या माथी."

शांतादेवी भिंतीकडं पाहत राहिल्या. मग अण्णाराव म्हणाला, "दमणी जुंपतो. हळूहळू..."

"दमणी नको. चाकच नको. बाज घ्या, नव्या सुंभाची. आठ मानसं घ्या, चार-चार पाळीनं. बाजेवर निजवून, खांद्यावरून न्यायची. तीन दिस लागू देत."

मोटारीतून उतरल्यापासून तिला हेच सुचत होतं, पण ते कशासारखं दिसेल हे बोलवत नव्हतं. ओट्यावरून मागोमाग आलेल्या रामकिसननं ते बोलून टाकलं.

"जित्या मानसाला? चौघांच्या खांद्यावर? निजवून?" त्यानं कानाला हात लावला. "काय अभद्र बोलतीस बे म्हातारे!"

शिवगंगेनं डोळे मिटून घेतले.

मन्मथप्पा बराच वेळ दाराच्या चौकटीवर बोट फिरवत उभे होते. ते फारसं बोलणारे गृहस्थ नव्हते.

"रामकिसन," ते म्हणाले, "ते तुमच्यात. आमा लिंगायतांत गेलेला मानूस मखरात बसून जातो. निजून जाईल तो जिताच." मग त्यांनी अंगणापलीकडं उभ्या असलेल्या मोटारीच्या गुबगुबीत गादीकडं एकदा पाहिलं, आणि परत पाहिलं नाही. "अण्णा, बाज काढ."

शांतादेवी आत गेल्या. बायनाबाईला वाटलं, रुसून गेल्या. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या हातात स्वतःची वाकळ होती. ती त्यांनी चार घड्या करून बाजेवर अंथरली आणि कडा पुन्हा पुन्हा सारख्या करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाज घाटाच्या पायथ्याला पोचली. माणसं सात होती, आठवा अण्णाराव. मालकाचा मुलगा खांदा देतो म्हणून माणसं आधी संकोचली. त्यानं जोडे काढून बायनाबाईच्या हातात दिले आणि बाजेचा पुढचा उजवा खूर खांद्यावर घेतला.

पळसाला नुकत्या काळ्या कळ्या आल्या होत्या. बायनाबाई मुद्दाम मोठ्यानं बोलत राहिली, वाऱ्याचं, शेळ्यांचं. शिवगंगेनं मात्र बाजेवरून म्हटलं, "कळतंय मला मावशी, कुठं आलोय ते. बोलू नका." बाज पळसापाशी थांबली नाही.

तिसऱ्या वळणावर होले बसले होते, पंधरा-वीस पाखरं. माणसांची चाहूल लागताच ते फडफडून उडाले. ते कशाला बसले होते हे बायनाबाईच्या ध्यानात येईपर्यंत अण्णारावाचा अनवाणी पाय ज्वारीवर पडला होता.

दाणे पायाखालून निसटले. तो गुडघ्यावर आला. बाजेचा पुढचा कोपरा झपकन खाली गेला, शिवगंगा कडेला घसरली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. बायनाबाईनं जोडे टाकून दोन्ही हात बाजेखाली घातले. क्षणभर सगळं वजन तिच्या मनगटांवर होतं. मग बाकीच्या तिघांनी बाज सावरली. अण्णाराव तसाच गुडघ्यावर, खूर खांद्यावर घट्ट धरून राहिला. त्याच्या नडगीतून रक्त येत होतं.

"काय झालं गं? कळ हाय का? सांग."

शिवगंगा दोन्ही हातांनी पोट धरून होती. बायनाबाईनं पोटावर तळवा ठेवला आणि वाट पाहिली. पोट घट्ट झालं. तसंच राहिलं. मग हळूहळू, आवळलेली मूठ सुटावी तसं, सैल पडलं. आतून तळव्यावर एक लहानशी ढुशी बसली.

"काही न्हाई," शिवगंगा म्हणाली. "हललं फकत."

"बाज खाली ठिवा," बायनाबाई म्हणाली. "कुनी हलायचं न्हाई."

ती रस्त्यात बसली. पदरानं आणि हातांनी तिनं ज्वारी झाडायला सुरुवात केली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, फटीतले दाणे नखानं काढत. माणसं उन्हात उभी राहिली. एकानं मदतीला हात घातला तर तिनं तो सारला. दाणा राहिला नाही असं दोनदा बघितल्यावरच ती उठली आणि म्हणाली, "चला."

फाल्गुन सरता सरता मोमिनाबादेत शिवगंगेला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी दोनदा बाहेरून मूल फिरवून पाहिलं. दोन्ही वेळा ते परत आडवं झालं. तिसऱ्या वेळी फिरलं ते पायाकडून, आणि पायाकडूनच जगात आलं. बायनाबाई दाराबाहेर बसून होती. रडणं ऐकलं तेव्हा ती उठली नाही. बराच वेळ आपले तळवे बघत बसली.

मोरपंखी मोटार जालन्याला परत गेली. तेलगावात तिच्या आठवणी निघत तेव्हा अण्णाराव उठून जात असे.

पाचेक वर्षांनी त्यानं मोटार घेतलीच. जुनी, करड्या रंगाची, ट्रंकेसारखी दिसणारी, मागं बाज मावेल एवढी. दुकानापुढं ती फक्त घडीभर थांबली. लोक गोळा व्हायच्या आत त्यानं ती न्हाव्याच्या आळीत नेली, बायनाबाईच्या दारापुढं उभी केली आणि मागचं दार उघडून बाजूला उभा राहिला.

बायनाबाईनं मोटारीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि ज्वारी मोजायला आत गेली.